कोणाचा म्हणून विचारू नका

गद्रे मास्तरांनी खुंटीवरची छडी काढली आणि नव्या मास्तराच्या हातात न देता देवळाच्या वाशांत खोचून ठेवली.

"पहिल्या दिवशी ही दिसता कामा नये. एकदा पोरं रानात पळाली की भात कापून होईपर्यंत हाती लागत नाहीत."

बाहेर कर्जत स्टेशनाकडे जाणारी बैलगाडी जुंपून उभी होती, तरी म्हाताऱ्याचा पाय निघत नव्हता. कळंबच्या या देवळात त्यांनी उभी हयात शाळा चालवली होती. ती सगळी हयात आता जाता जाता दामोदर रिसबुडाच्या पदरात टाकायची होती.

"आधी गोष्ट सांगा, अक्षराचं मागाहून. कोणाच्या पोराला त्याच्या आईसमोर गोरा, देखणा म्हणू नका. आणि तो कोंडू आहे ना, त्याला कोणाचा म्हणून विचारू नका."

"का बरं?"

"विचारू नका म्हणजे झालं," म्हणत ते गाडीत चढले.

ट्रेनिंग कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या माणसाला कारण न दिलेला सल्ला पचत नाही. दामोदरने छडीचे ऐकले, गोष्टीचे ऐकले. दुसऱ्या दिवशी मुले जमली, गोष्ट रंगली. सगळ्यांत मोठ्याने हसत होता तो नाकात पितळेची बाळी घातलेला कोंडू. बाहेर पायरीशी गवताचा भारा टेकवून एक बाई बसली होती. तिची नजर त्या पोरावरून हलत नव्हती. तेच कपाळ, तेच डोळे.

"कोंडू, ती बाहेर बसलीय ती तुझी कोण रे?"

कोंडू पाटीवर बोट घासत राहिला. शेवटी मागच्या सदूने तोंड उघडले.

"मास्तर, ती अंबूबाई. तिची आदीची समदी पोरं देवीच्या साथीत गेली. मंग ह्यो झाला तवा शेजारच्या सोनुबाईनं सूपभर कोंडा दिऊन इकत घेतला. ऱ्हातो अंबूबाईकडंच, पन ती त्याची कोन नाय."

दामोदरला संताप आला, दयाही आली. सूपभर कोंडा देऊन मरण फसते होय! आणि त्या खुळापायी पोराने जन्मदात्रीला हाक मारायची नाही? त्याने कोंडूचे बोट धरले आणि त्याला पायरीपाशी नेले.

"हिनं जन्म दिलाय तुला. भिऊ नकोस. आई म्हण."

कोंडूने तिच्याकडे पाहिले.

"आई."

शब्द इतका चटकन आला की तो पोराच्या तोंडात केव्हाचा तयारच असावा. अंबूबाईचा चेहरा उजळला. आपण जिंकलो असे दामोदरला वाटले, पण तेवढ्यातच तो चेहरा पांढराफटक पडला. ती उठून उभी राहिली. पोराकडे नाही, मास्तराकडेही नाही, त्याच्या खांद्यावरून आत देवळाच्या अंधाऱ्या कोपऱ्याकडे बघत ती खणखणीत आवाजात बोलली.

"माजा नाय ह्यो. सोनुबाईचा हाय. माजं एक बी पोर जगलं नाय. न्यावं असं माज्यापाशी काय बी ऱ्हायलं नाय!"

दामोदरने मागे वळून पाहिले. आत कोणी आलेले नव्हते. मुलांनी मात्र माना खाली घातल्या होत्या. त्या कोपऱ्याकडे एकही पोर बघत नव्हते. भर उन्हाच्या वेळी त्याच्या अंगावर काटा आला. कोंडू त्याच्या हातातून बोट सोडवून निमूटपणे आपल्या जागी जाऊन बसला.

अंबूबाईने भारा डोक्यावर घेतला. मग एकदम हळू आवाजात तिने विचारले,

"मास्तर, तुमाला पोरबाळ?"

मुलाचे नाव दामोदरच्या ओठांवर आले. रेवदंड्याला त्याचे तान्हे बाळ होते, आणि त्याच्याआधी दोनदा त्याच्या घरचा पाळणा रिकामा झाला होता. म्हणून तर या बाळाचे कौतुक त्याने वाटेत गाडीवानापासून धर्मशाळेतल्या परक्यापर्यंत सगळ्यांना सांगितले होते. ते आणखी कोणी ऐकले असेल, हे आत्ता प्रथमच त्याच्या मनात आले. पाठीमागे देवळात गार वाटत होते. वळून बघायची त्याची छाती झाली नाही.

"नाही," तो म्हणाला.

अंबूबाईपुरते तेवढे पुरले असते. पण दामोदरने घसा साफ केला आणि देवळाच्या पार आतपर्यंत जाईल अशा आवाजात पुन्हा सांगितले, "मला कोणीही नाही."