सखारामशेटच्या गाडीचं मिसिंग

सखारामशेटची टॅक्सी मिसिंग करते, चालता चालता झटके खाते, हे सगळ्या रत्नागिरीला ठाऊक होतं. कशामुळे करते, हेही ज्याला त्याला आपापल्या परीने ठाऊक होतं. दुरुस्त मात्र कोणाला करता येत नव्हती.

केरू मुंबईत कुठल्याशा गॅरेजात तीन वर्षं गाड्या धूत होता. तेवढ्यावर तो इथे इंजिनिअर झाला. त्याने कार्बोरेटर दोनदा खोलला, पेट्रोलची टाकी धुतली. तीन दिवस ऊन होतं, गाडी नीट चालली, तर याने शेटकडून चहा उकळला. पाऊस आला आणि गाडी परत झटके खायला लागली. मग केरू म्हणाला, गाडीला नजर लागली आहे. मुंबईच्या गॅरेजात हेही शिकवतात वाटतं.

माझं स्वतःचं गॅरेज, पण मी त्या गाडीला हात लावत नव्हतो. आषाढात माझी बायको राही माहेरी, संगमेश्वरला होती. तिच्या पोटात दुखायला लागलं. मजीद ड्रायव्हर तिला याच गाडीतून रत्नागिरीला दवाखान्यात आणत होता. पावसात निवळीच्या चढावर गाडी बसली. दोन तास. दवाखान्यात पोचली तेव्हा राही शुद्धीवर नव्हती, पुन्हा आलीही नाही. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं. हे त्यांनी मला सांगितलं, गाड्या दुरुस्त करणाऱ्याला.

श्रावणात शेट स्वतः गाडी घेऊन आला.

"धोंडू, आता तूच बघ. खोट गाडीत आहे की मजीदच्या हातात? हातात असेल तर आजच त्याला घरी बसवतो."

मजीद मागे टोपी हातात घेऊन उभा होता. त्याचे बाप-आजे गलबतावरचे. गाडी चालवणारा घरातला हा पहिलाच.

खोट त्याच्या हातातच निघावी असं मला वाटत होतं. यंत्राला शिव्या देऊन माणसाचं समाधान होत नाही.

इंजिन चालू केलं. एकेका प्लगची वायर काढून पाहिली. तिसऱ्या प्लगची काढली तरी इंजिनाला काही फरक पडेना, म्हणजे तो काम करत नव्हता. प्लग बदलला. आता चौथा बंद पडला.

"कार्बोरेटर बघ रे धोंडू, कार्बोरेटर," केरू दारातून म्हणाला.

"तू बघितलास ना? म्हणून तर गाडी इथवर आली."

चारही प्लगांना ठिणगी वाटणारी एकच जागा, डिस्ट्रिब्युटरची काळी टोपी. अंधारात ठिणगी दिसावी म्हणून मी शेटला आणि केरूला बाहेर थांबवून दारं लोटून घेतली, बॉनेटवर गोणपाट ओढलं, आत डोकं घातलं आणि टोपीवर हाताने थोडं पाणी शिंपडलं. निळी ठिणगी प्लगाकडे जायची सोडून टोपीवरूनच सरपटत होती. आणि वास आला. मासळीचा.

इंजिन बंद करून टोपी काढली. हाताला चिकट लागली. वायरीही तशाच.

"हे काय आहे?"

"मुशीचं तेल, धोंडूदादा," मजीद म्हणाला. वर अभिमानाने. "दर जुम्म्याला लावतो. खारी हवा लोखंड खाते. आमचं गलबत चाळीस वर्षं टिकलं ते या तेलावर."

"गलबत लाकडाचं असतं, गाढवा! गलबताला प्लग असतात? या तेलावर मीठ बसतं, धूळ बसते. पाऊस आला की ठिणगी त्यावरूनच पळते."

"पण मी कधी चुकवलं नाही, दादा. त्या दिवशी तर निघताना दोनदा लावलं. राहीवहिनीला आणायचं होतं. वाटेत दगा नको म्हणून."

महिनाभर मी शिव्या साठवल्या होत्या. एकही या माणसाला लागू पडेना.

मी टोपी आणि वायरी पेट्रोलने धुतल्या, पुसल्या, वाळवल्या. परत बसवल्या आणि वर पाणी शिंपडलं. इंजिन एका लयीत चालायला लागलं. मजीद ऐकत होता. हळूहळू त्याचा चेहरा उतरला.

"काय निघालं?" दार उघडताच शेटने आत येत विचारलं.

"टोपी गेली आहे. नवी मागवा, वायरी पण."

"म्हणजे मजीदची चूक नाही?"

"याला काढलंत तर केरूला बसवावं लागेल गाडीवर. चालेल?"

शेट केरूकडे एकदा बघून नवी टोपी मागवायला निघून गेला.

"दादा," मजीद म्हणाला, "त्या दिवशी पण हेच?"

खोटं बोलायचं ते शेटशी बोलून झालं होतं.

"हो."

त्याने डिकीतून तेलाचा डबा काढला. कुठे ठेवावा ते त्याला कळेना. डबा मांडीवर घेऊन तो जमिनीवरच बसला.

"का रे, याला काय झालं?" केरू आत डोकावत म्हणाला.

"नजर लागली त्याला. नीघ इथून."

मी केरूला बाहेर काढलं आणि आतून कडी लावली.