ओवीभर थांबलेला श्वास

सिद्धप्पाची रात्र गिरणीत जायची आणि झोप दिवसाला यायची. उजाडताना तो शुक्रवार पेठेतल्या खोलीवर परतायचा. अंघोळ, गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा, दोन घास, की नवाच्या सुमाराला चटई. तिथून चारपर्यंत सात तास. शेजारणी बसव्वाला म्हणायच्या, "तुझा धनी झोपतो बाई राजासारका." खरंच, घोरणं बोळाच्या तोंडापर्यंत ऐकू यायचं. पण चार वाजता हा राजा उठायचा तो दोन्ही हातांनी डोकं धरून. तोंड कोरडं, डोळे लाल, कपाळात कुणी पाचर ठोकल्यागत ठणका. चहाची बशी हातात धरून भिंतीकडे बघत बसायचा. बसव्वा विचारायची, "झोप लागली का?"

"लागली की."

"मग?"

"मग काय? झोपलोच न्हाय असं वाटतंय."

हे तीन वर्षं चाललं होतं. बहात्तरच्या दुष्काळात मंद्रूपची जमीन भेगाळली, तेव्हा नवरा-बायको सोलापुरात आले. सिद्धप्पाला गिरणीत काम लागलं, पुढं दोन माग त्याच्या हाती आले. मागावर तो हुशार. तुटलेला धागा दोन बोटांत कधी जोडला जायचा ते बघणाऱ्याला कळायचं नाही. आणि आता त्याच मागांपुढं तो उभ्याउभ्या पेंगायचा. दोनदा ताण्याचे उभे धागे तुटून चादर खराब झाली. मागांवरचा मुकादम, जॉबर रामहरी, माणूस भला, तरी एका सकाळी त्यानं फाटकाशी अडवून सांगितलं, "सिद्धप्पा, तुझ्या हाताला तोड न्हाई. पण माग झोपेत चालत न्हाईत. म्हैनाअखेरपतुर बघतो. परत डुलकी दिसली तर माग दुसऱ्याला. मग मला शिव्या देऊ नकोस."

सिद्धप्पानं हे घरी येऊन सांगितलं ते मान खाली घालून. महिना संपायला एकवीस दिवस होते.

बसव्वानं पदर खोचला. धन्याची झोप ही आता तिची कामगिरी झाली. घरी बसून ती लोकांच्या वाकळी शिवून द्यायची; जुनेरं घ्यायची, थरावर थर लावायची, आणि कुठं चुणी पडली ती उसवून परत घालायची. ह्या झोपेतही कुठंतरी चुणी पडलीय, ती हाताला लागत नाही, एवढंच, असं तिला वाटलं.

आधी तिनं सिद्धप्पाला दवाखान्यात धाडलं. डॉक्टरांनी डोळे बघितले, नाडी बघितली, डोकं दुखलं तर घ्या म्हणून गोळ्या दिल्या आणि सांगितलं, भरपूर झोप घ्या. "तीच तर घेतोय," सिद्धप्पा घरी येऊन म्हणाला, "आजून किती घिऊ?" गोळीनं ठणका तासभर दबायचा, मग परत जागच्या जागी.

मग तिला वाटलं, पत्र्याची खोली, दुपारचा उन्हाळा, डोकं तापत असंल. तिनं पत्र्यावर गोणपाटं पसरली, दर तासाला शिडी लावून त्यांवर पाणी मारलं. खोली गार झाली, डोकं तसंच. मग वाटलं, गिरणीतला कापूस नाकात बसतोय. निघताना नाकाला फडकं बांध, आल्यावर मिठाच्या पाण्यानं नाक धू, असं चाललं. नाक मोकळं झालं, घोरणं तेवढंच राहिलं. तोंडावरनं चादर ओढून घेऊ दिली नाही. संध्याकाळचा दुसरा चहा बंद केला. चटईची दिशा फिरवली. वेखंड उगाळून लेप दिला. शेजारची केराबाई मीठ-मिरच्या घेऊन आली, दृष्ट काढली, चुलीत टाकली. मिरच्यांचा खकाणा उठला आणि सगळी चाळ खोकली.

"बघ किती लागलीवती!" केराबाई डोळे पुसत म्हणाली.

"केरामावशी, मला आता डोकंबी दुकतंय आन् नाकबी जळतंय," सिद्धप्पा म्हणाला.

बसव्वाला हसू आलं आणि हसताहसता रडू. अकरा दिवस उरले होते.

त्या दिवशी दुपारी ती वाकळ घेऊन त्याच्या उशाशीच बसली. इतके दिवस ती त्याच्या झोपेपासून लांब राहायची; भांडं वाजू नये, पाय वाजू नये, म्हणून बाहेर ओट्यावर शिवायची. आज जवळ बसली. पत्र्यावरचं गोणपाट थेंबथेंब गळत होतं. दाराच्या फटीतनं उन्हाची एक पट्टी आत आली होती आणि तिच्यात कापसाची बारीक पिसं तरंगत होती, वर नाही की खाली नाही. सगळी पेठ जणू पाण्याखाली गेली होती. त्या पाण्याच्या तळाशी सिद्धप्पा उताणा पडलेला, उजवा पंजा छातीवर घट्ट दाबलेला. घोरणं चढत होतं, उतरत होतं. बसव्वाची सुई त्याच तालावर चालू लागली. तो श्वास ओढी, ती टाका ओढी.

आणि एकाएकी सुई थांबली.

का थांबली ते तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. आवाज नव्हता. घोरणं नव्हतं, श्वासही नव्हता. त्याचं पोट हलत होतं, छाती ओढत होती, पण वारा आत जात नव्हता. विहिरीत पोहरा जावा आणि रिकामाच आपटत राहावा तसं. बसव्वाचा हात हवेत. अजून नाही, अजून नाही... आणि मग मोठ्यानं फुर्रर् करून श्वास आला, सिद्धप्पाचं सगळं अंग दचकलं, मान हलली, डोळे अर्धे उघडून मिटले. परत घोरणं. परत थोड्या वेळानं तेच.

तिला आकडे मोजायची सवय नव्हती. जात्यावर बसलं की किती दळलं ते ती ओव्यांनी मोजायची. म्हणून तिनं ओठातल्या ओठात ओवी धरली.

नीज आली गं दाराशी, तिला बसाया देते पाट
माझ्या शिणल्या धन्याचे डोळे बघत्यात तुझी वाट

श्वास थांबला की ओवी सुरू. कधी 'पाट' म्हणेपर्यंत श्वास परत यायचा. कधी ओवी पुरी व्हायची तरी यायचा नाही, आणि ती परत 'नीज आली'पासून धरायची. त्या एका दुपारी तिनं ओवी किती वेळा म्हटली त्याचा हिशेब राहिला नाही. नीज बिचारी खरंच दाराशी येत होती. पाटावर टेकत होती, आणि टेकली न टेकली की कुणीतरी तिला दंडाला धरून उठवत होतं.

चार वाजता सिद्धप्पा डोकं धरून उठला. बसव्वा त्याच्याकडे असं बघत होती की तो म्हणाला, "काय झालं गं? एनु?"

"तुमी झोपत न्हाई," ती म्हणाली. "तुमी सात घंटं बुडताय आन् वर येताय, बुडताय आन् वर येताय. माणूस दिवसभर विहिरीत गटांगळ्या खाईल, तर त्याचं डोकं दुकंल न्हाई तर काय!"

दुसऱ्या दिवशी ती परत बसली. तिच्या ध्यानात आलं, तो उताणा असतो तेव्हाच हे होतं. तिनं हळूच खांद्याखाली हात घालून त्याला कुशीवर वळवलं. घोरणं वितळल्यासारखं थांबलं. श्वास येऊ लागला, जाऊ लागला, लेकराच्या श्वासासारखा. ओवी म्हणायची गरजच पडली नाही. पण चार-पाच श्वास झाले असतील, की सिद्धप्पा झोपेतच घाबरल्यागत वळला, परत उताणा झाला, आणि उजवा पंजा छातीवरच्या लिंगाच्या डबीवर जाऊन बसला. तिनं सहा वेळा वळवलं. सहाही वेळा तेच.

तेव्हा बसव्वाला आठवलं.

तीन वर्षांपूर्वी, नवे नवे सोलापुरात आले तेव्हा, एकदा सिद्धप्पाच्या गळ्यातला शिवदारा झोपेत तुटला होता. कुशीवर झोपला होता, चांदीची डबी निसटली आणि फरशीवर घरंगळत पार ट्रंकेखाली गेली. लिंग अंगावेगळं झालं म्हणून केवढा रडला होता तो! उपास केला, नवा दारा बांधून घेतला. त्या दिवसापासून तो कधी कुशीवर झोपला नाही. लिंग अंथरुणाला लागू नये, जमिनीला लागू नये, म्हणून उताणा झोपायचं आणि हात वर ठेवायचा. कुणी सांगितलं नव्हतं. त्याचं त्यानंच मनाशी ठरवलं होतं. जागेपणी हसणारा-खिदळणारा माणूस झोपेत तीन वर्षं पहारा देत होता.

बसव्वानं विषय काढला तसा तो भडकला. "हिकडचं जग तिकडं झालं तरी चालंल. माग जाऊ दे. पण परत लिंग पडू देणार न्हाई."

"पडू दे म्हणतंय कोण?"

"मग कुशीवर कसा निजू? खाली दबंल, लागंल चटईला."

नवऱ्याशी वाद घालून गाठ सुटणार नाही हे तिला कळलं. संध्याकाळी ती म्हाताऱ्या शरणय्या स्वामींकडे गेली. लग्नं, बारशी, सगळं ह्या जंगमाच्याच हातून व्हायचं. सिद्धप्पालाही ओढतच नेलं. कामावर जायला अजून वेळ होता. स्वामी अंगणात बसून ताटातले तांदूळ निवडत होते.

"शरणार्थी, अय्या," म्हणून बसव्वा पाया पडली आणि तिनं सगळं सांगितलं, ओवीसुद्धा सांगितली. सिद्धप्पा खालमानेनं उभा.

स्वामींनी दोन खडे वेचून बाजूला टाकले. मग म्हणाले, "का रे सिद्धा, लिंग तू संबाळतोस का लिंग तुला संबाळतंय?"

सिद्धप्पाचा पंजा डबीवर गेला.

"अंगाला लागून असावं, एवढंच. कुणी गळ्यात घालतंय, कुणी छातीवर, कुणी दंडाला बांधतंय. तू निजताना दंडाला बांध. डाव्या कुशीवर निजायचं, उजव्या दंडाला बांधायचं. सगळ्यांत वर ऱ्हाईल. चटई तर चटई, तुझी बायकोबी लागायची न्हाई त्याला." आणि स्वत:च्याच बोलण्यावर बोळक्या तोंडानं हसले. "आन् ही पोरगी श्वास मोजत बसलीया दुपारभर. तिचा श्वास कोण मोजायचा?"

बसव्वानं त्याच संध्याकाळी जुन्या इरकलीच्या मऊ काठाचा पट्टा शिवला, चौपदरी, डबीपुरता कप्पा, दोन बंद. टाके असे घातले की बैलानं ओढला तरी उसवू नये. सकाळी सिद्धप्पा गिरणीतून आला, पूजा झाली, आणि तिनं त्याच्या दंडाला पट्टा बांधला. त्यानं तीनदा ओढून बघितला. डाव्या कुशीवर पडला. उजवा दंड आकाशाकडे. झोप लागेना. हात सारखा छातीवर जायचा, तिथं काही नाही म्हणून दचकायचा, मग दंडाकडे जायचा, तिथं सापडलं की निवायचा. पहिला दिवस असाच गेला. दुसऱ्या दिवशी झोप लागली, पण झोपेत सवयीनं उताणाच झाला आणि विहिरीत बुडाला.

"आता?" तो उठून म्हणाला, डोकं धरून. आठ दिवस उरले होते.

"आता तुमच्या पाठीला पहारा बसवते," बसव्वा म्हणाली. "गिरणीतनं एक फुटकी कांडी आणा."

मागावर इकडून तिकडं धावणाऱ्या धोट्यात सुताची लाकडी कांडी असते, तसली एक चिरलेली त्यानं जॉबरला विचारून आणली. बसव्वानं ती फडक्यात गुंडाळली आणि बंडीला मागून, दोन खांद्यांच्या मध्ये, खिसा करून शिवून टाकली. सिद्धप्पानं बंडी घातली आणि आरशात पाठ बघायला मान वळवली.

"उंटागत दिसतोय की गं मी."

"उंट झोपतंय तरी नीट. निजा."

त्या दुपारी तीनदा तो उताणा व्हायला गेला, तीनदा कांडीनं पाठीत टोचलं, तीनदा कुरकुरत परत कुशीवर आला. चौथ्यांदा गेलाच नाही. बसव्वा शिवत होती. बाहेर बर्फवाला ओरडत गेला, नळावर भांडण लागलं आणि मिटलं, केराबाईनं दारातून डोकावून "आज घोरत न्हाई, गेला का कुटं?" म्हणून विचारलं. सिद्धप्पाचा श्वास चालला होता. संथ, लांब, रिकाम्या रस्त्यानं जाणाऱ्या बैलगाडीसारखा. बसव्वाच्याच पापण्या जड झाल्या. वाकळीवर डोकं टेकून ती कधी निजली ते तिला कळलं नाही.

उठली तर चार वाजून गेले होते आणि सिद्धप्पा स्टोव्हपाशी बसून चहा करत होता.

"डोकं?" तिनं धडपडत विचारलं.

त्यानं कपाळ चाचपलं, काहीतरी हरवल्यासारखं. "न्हाई की गं."

रोजच असं झालं असं नाही. एक दिवस घामानं बंडी काढून टाकली आणि सगळं पहिल्यासारखं. एक दिवस थोडा ठणका राहिला. पण महिना सरला त्या सकाळी रामहरीनं फाटकाशी त्याला परत अडवलं आणि म्हणाला, "सिद्धप्पा, रातभर तू माझ्यावर नजर ठेवून होतास का मी तुझ्यावर? मीच दोनदा पेंगलो, आन् तू टक्क जागा. जा, माग तुझेच." हे सांगताना सिद्धप्पाचा चेहरा असा होता, की बसव्वानं भाकरीचं पीठ हाताला तसंच ठेवून त्याची अलाबला घेतली.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी गिरणीचा भोंगा झाला तरी तो उठेना. रात्रपाळीची तयारी करायला हवी होती. तीन वर्षं ती ह्या माणसाला उठवत आली होती, पण चांगल्या झोपेतून उठवायची ही पहिलीच खेप. हात पुढे जाईना. शेवटी तिनं खांद्याला हलकेच बोट लावलं.

सिद्धप्पानं डोळे उघडले. काही वेळ तो इथं नव्हताच.

"सपान पडलं," तो म्हणाला. "लई वर्सांनी पडलं बघ. मी मागावर हुतो. ताण्याला सूत न्हाई, नुसतं पाणी. धोटा जातोय, येतोय, आन् पाण्याची चादर हुतीय. निळी. घडी घालता येत न्हाई. आन् तू बाजूला हुबी ऱ्हाऊन म्हणत हुतीस, अवो, काठ घाला, काठाबिगर वाहून जाईल."

"मग घातला का काठ?"

"घालायलाच घेतला हुता, तर तू उठवलंस."

"बरं," बसव्वा म्हणाली, आणि त्याच्या दंडावरचे बंद सोडू लागली, "उद्या घाला."