आत ती, बाहेर मिस्त्री

जळालेल्या विजेच्या मोटारींची तार काढून नवी गुंडाळून देणं हा त्यांचा धंदा, म्हणून सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. दुकान म्हणजे एक लांबट खोली. दारापाशी उजेड, आत अंधार. टेबलावर पोट फाडून ठेवलेले पंप, पंखे, चक्कीच्या मोटारी, भिंतीला तांब्याच्या तारेची रिळं, आणि सगळ्यावर वार्निशचा वास. मिस्त्री कुणाच्या लग्नाला गेले तरी आधी वास पोचायचा, मग मिस्त्री.

त्यांची बायको इस्पितळाच्या टेलिफोनवर कामाला होती. बाहेरून कुणीही फोन केला की पहिला आवाज तिचा, त्यामुळे अख्खं इस्पितळ तिला हॅलोबाई म्हणायचं. आवाज थोडा घोगरा, पण असा की घाबराघुबरा होऊन फोन करणारा माणूस डॉक्टरपर्यंत पोचायच्या आतच अर्धा शांत व्हायचा.

रविवारी सकाळी मिस्त्री तिला गाडीतून चर्चला न्यायचे. ती आत जायची आणि मिस्त्री आवारातल्या झाडाखाली, खिडकीजवळच्या बाकावर बसायचे. लग्न झालं तेव्हापासून हे असंच. उन्हाळ्यात बाक सरकवून सावलीत घ्यायचे, पाऊस असला तर गाडीत बसून काच खाली ठेवायचे, पण आत पाऊल टाकायचे नाहीत.

तसे ते याच चर्चमध्ये लहानाचे मोठे झालेले. त्यांचे वडील मंडळीतलं बडं प्रस्थ. प्रार्थनेला उभे राहिले की डोळ्यांतून धारा लागायच्या आणि बायकामाणसं पदर डोळ्यांना लावायची. तेच वडील घरी आल्यावर जेवणाचं ताट भिंतीवर भिरकावायचे, आणि भिंत पुसणाऱ्या आईला वर दोन शब्दही ऐकवायचे. मुलानं ते पाहिलं आणि कानाला खडा लावला. जे पोटात नाही ते ओठावर आणायचं नाही. देवाशी त्यांचं भांडण नव्हतं. “त्याच्याशी बोलण्यासारखं माझ्यापाशी काही नाही,” एवढंच ते म्हणायचे, “आणि नसताना आहेसं दाखवायचं, तर मग माझ्या बापात आणि माझ्यात फरक काय?”

हॅलोबाईनं त्यांना कधी आग्रह केला नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी तिनं विचारलं, “येता का आत?” ते नाही म्हणाले. ती म्हणाली, “बरं. मग पाण्याची बाटली ठेवा जवळ, ऊन आहे.” त्या विषयावर त्यांच्यात झालेलं बोलणं काय ते इतकंच.

मिस्त्री बाकावर बसून वर्तमानपत्र वाचतात असं लोकांना वाटायचं. खरं म्हणजे गाणी सुरू झाली की त्यांचं वाचन थांबायचं. खिडकीतून सगळ्या मंडळीचा आवाज यायचा आणि त्यातून ते हिचा आवाज वेचून काढायचे. ओळ संपताना ती सगळ्यांपेक्षा कणभर मागं राहायची. पलीकडची लाइन जोडली जाईपर्यंत थांबायची नोकरीतली सवय गाण्यातही उतरली होती. तो मागं रेंगाळणारा घोगरा आवाज ऐकला की मिस्त्रींचा रविवार झाला. घरी जाताना ते म्हणायचे, “आज छान लागला होता आवाज.” ती खिडकीबाहेर बघत म्हणायची, “हो का?”

मग एका थंडीत ती गेली. आजारपण थोडक्यात आटोपलं, कुणाला फार धावपळ करावी लागली नाही. लेक परदेशातून आली, महिनाभर राहिली, “पप्पा, माझ्याकडे चला” म्हणून म्हणून थकली आणि परत गेली. मिस्त्रींना घर खायला उठायचं. दुकानात हात चालू असेपर्यंत ठीक. पण संध्याकाळी कुलूप उघडलं की घरात सकाळी जशी ठेवली तशीच सगळी शांतता. तिच्या कपाची दांडी भिंतीकडे वळलेली असायची. ती त्यांनी कधी सरळ केली नाही.

रविवारी मात्र ते गाडी काढून चर्चच्या आवारात जात आणि त्याच बाकावर बसत. लोक आधी हळहळले. नंतर सवय झाली. चर्चचा धर्मगुरू, म्हणजे पाळक, तरुण होता, नुकताच आलेला. एकदा बाहेर येऊन म्हणाला, “काका, आत या ना. जागा पुष्कळ आहे.”

“जागा आहे हो,” मिस्त्री म्हणाले. “माणूस नाही.”

पाळकाला वाटलं, ते बायकोबद्दल बोलताहेत. तो खांद्यावर हात ठेवून निघून गेला. मिस्त्री स्वतःबद्दल बोलत होते.

असे काही महिने गेले. एका रविवारी उपासना सुटल्यावर मेट्रनबाई काठी टेकत बाकापाशी आल्या. हॅलोबाई आणि त्या एकाच इस्पितळात उभं आयुष्य काढलेल्या आणि चर्चमध्येही एकाच बाकावर बसणाऱ्या. त्यांना न्यायला येणारा भाचा त्या दिवशी आला नव्हता.

“मिस्त्री, मला घरी सोडाल का? गुडघे आज माझं ऐकत नाहीयेत.”

“चला की.”

मेट्रनबाई पुढच्या सीटवर बसल्या. हॅलोबाई गेल्यापासून त्या सीटवर कुणी बसलं नव्हतं. गाडी रस्त्याला लागली. कुणीतरी काहीतरी बोलायला हवं म्हणून मिस्त्री म्हणाले, “तिच्यावाचून गाणं उघडं पडतं बघा तुमचं. ओळ संपते तिथं भोक पडल्यासारखं होतं. गेल्या वर्षी याच दिवसांत काय गात होती. मी बाहेर बसून ऐकायचो.”

मेट्रनबाईंनी काठी या हातातून त्या हातात घेतली.

“गेल्या वर्षी ती गात नव्हती, मिस्त्री.”

“म्हणजे?”

“जायच्या आधी वर्षभर. वर्ष काय, जास्तच. पुस्तक उघडून उभी राहायची. ओठही हलवायची नाही.”

मिस्त्रींनी गाडी कडेला घेतली. मागून एकानं हॉर्न वाजवला आणि पुढं गेला.

“आजारी होती? मला बोलली नाही.”

“आजार नंतरचा. मी विचारलं होतं तिला, की देवावर रागावलीयस का? म्हणाली, राग असता तर बरं होतं. रागावलं तरी बोलणं चालू असतं. म्हणाली, मी रिसीव्हर उचलते, नंबर लावते, आणि पलीकडं घंटासुद्धा वाजत नाही. कारण काही नाही. एक दिवस उठले तर असं झालेलं.”

“मग यायची कशाला?”

हा प्रश्न त्यांनी जरा तोडूनच विचारला. मेट्रनबाईंनी तो मनावर घेतला नाही.

“तेही मी विचारलं. म्हटलं, बाई, एवढा जीव घुसमटतोय तर चार रविवार घरी थांब. तर हसली. म्हणाली, ‘लाइन बंद पडली म्हणून ऑपरेटर खुर्ची सोडून जाते का? आमचे मिस्त्री बाहेर बसतात, मी आत बसते. सध्या दोघंही नुसतेच बसतो.’”

“मला का नाही सांगितलं?”

“तुम्ही दर रविवारी म्हणायचात ना, आवाज छान लागला. ते तिला मोडवेना. मीही सांगायला नको होतं कदाचित. पण तुम्ही ते गाण्याचं बोललात, आणि मला गप्प बसवेना.”

“मग मी ऐकत होतो तो आवाज कुणाचा?”

“काय ठाऊक. माझा असेल. इतकी वर्षं शेजारी उभ्या राहून गायलो.”

त्यांना घरी सोडून मिस्त्री परत आले आणि सरळ दुकानात गेले. रविवार असूनही शटर वर केलं. एका पंपाची जळकी तार काढायला घेतली, ती अर्धी निघाली आणि तशीच राहिली. बायको आयुष्यभर शेजारी होती. तिच्या श्वासावरून ती जागी आहे की झोपली आहे ते आपल्याला कळतं, असा त्यांचा दावा होता. आणि ती वर्षभर मुकी उभी होती, खिडकीच्या पलीकडं, हाकेच्या अंतरावर, आणि हे बाहेर बसून माना डोलवत होते. वर गाडीत तिलाच तिच्या आवाजाचं कौतुक सांगत होते. ‘हो का’ म्हणताना ती खिडकीबाहेर का बघायची, ते आता कळून काय उपयोग?

राग आला तो आधी तिचाच आला. मग मेट्रनबाईंचा. मग बराच वेळ राग कुणावर करावा ते सापडेना. तोंडात एक नि पोटात एक नको म्हणून जन्मभर बाहेर बसलेला हा माणूस. आणि ज्या एका गोष्टीवर डोळे मिटून विश्वास ठेवला, ती त्याच्याच कानांनी रचलेली निघाली.

पुढचे काही रविवार ते गेले नाहीत. घरीच राहिले. सकाळी सवयीनं अंघोळ करून शर्ट घालायचे आणि मग त्या इस्त्रीच्या शर्टात स्वयंपाकघरात बसून राहायचे. लेकीचा फोन आला.

“पप्पा, आज चर्चला नाही गेलात?”

“मी कुठं जातो चर्चला. मी आवारात जातो.”

“तेच ते. का नाही गेलात?”

“कंटाळा आला.”

“आई म्हणायची, कंटाळा आला तर कंटाळा घेऊन जावं.”

“कधी म्हणायची?”

“मला अभ्यासाचा कंटाळा यायचा तेव्हा हो. तुम्ही जेवलात का?”

जेवलो, असं त्यांनी सांगितलं. ते खरं नव्हतं. फोन ठेवल्यावर ते लक्षात आलं आणि आपण किती सहज खोटं बोललो याचं त्यांना नवल वाटलं.

त्याच्या पुढच्या रविवारी उपासना सुरू झाल्यावर मिस्त्री आत गेले. दाराशी उभ्या असलेल्या माणसानं त्यांच्या हातात गाण्यांचं पुस्तक दिलं. तो ओळखीचाच होता, पण काही बोलला नाही, हे त्यानं फार चांगलं केलं. मेट्रनबाईंनी काठी उचलून जागा दिली. मिस्त्री बसले, तेवढ्यात सगळे उभे राहिले. ते उभे राहिले तर सगळे बसले. लहानपणी पाठ असलेलं सगळं इतक्या वर्षांत उलटंपालटं झालं होतं.

गाणं सुरू झालं. मेट्रनबाई गाऊ लागल्या आणि मिस्त्रींनी जिवाचा कान केला. पातळ, उंच, जरा थरथरता आवाज. बाहेर ऐकू यायचा तो हा नव्हता. मागच्या बाकावरच्या बायकांचा ऐकला, त्यातलाही नव्हता. ओळ संपत होती तिथं सगळे एकदम थांबत होते, कणभरही मागं कुणी राहत नव्हतं. म्हणजे तो आवाज या भिंतींच्या आत कुठंच नव्हता. बाहेर असताना निदान कान लावून बसायला काहीतरी होतं. आत आल्यावर तेही गेलं. एवढ्या माणसांत, खांद्याला खांदा लागत असताना, मिस्त्रींना आयुष्यात कधी वाटलं नव्हतं इतकं एकटं वाटलं. पुस्तक उघडं धरून, ओठ मिटून ते उभे राहिले. ती अशीच उभी राहत असणार, हे त्यांच्या मनात आलं. पण त्यानं हलकं वाटलं नाही.

सुटल्यावर पाळक दाराशी हात मिळवत उभा होता. त्याचा चेहरा खुलला. “काका, आलात शेवटी.”

“आलो,” मिस्त्री म्हणाले. “पण चुकीचा अर्थ काढू नका. मला आत काही मिळालं नाही.”

पाळकाला पुस्तकातलं एखादं उत्तर देता आलं असतं. तोंडाशी आलंही असावं. पण त्यानं ते गिळलं. “मलाही दर रविवारी मिळतं असं नाही,” तो हळू आवाजात म्हणाला. “पुढच्या रविवारी याल?”

“बघू.”

पण ते गेले. त्याच्या पुढच्या रविवारीही गेले. ताप होता तेव्हा स्वेटर घालून गेले आणि मेट्रनबाईंनी कपाळाला हात लावून त्यांना घरी पिटाळलं. येताना मेट्रनबाईंना गाडीतून आणायचं आणि जाताना सोडायचं, असं आपोआप ठरून गेलं. भाचा सुटला. मिस्त्री गात नसत. प्रार्थनेत मंडळी एकसुरात बोलायची तेव्हा ज्या ओळी आपल्याला खऱ्या वाटत नाहीत त्या ते सोडून द्यायचे. सुरुवातीला जवळजवळ सगळ्याच सुटायच्या. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांस दे’ ही मागणी तेवढी म्हणायचे, कारण भाकरी लागतेच. दुसऱ्यांना क्षमा करण्याच्या ओळीपाशी बाप आठवायचा आणि दात आवळले जायचे. मग कधीतरी, का कोण जाणे, दात आवळायचे राहून गेले. ओळ मात्र अजून तोंडून निघत नव्हती.

लोकांना वाटलं, म्हातारा सावरला. तसं काही नव्हतं. सोमवारी कुलूप उघडलं की घर तेच होतं.

उपासनेच्या शेवटाला त्या चर्चमध्ये थोडा वेळ सगळे उभं राहून मनातल्या मनात प्रार्थना करत. मिस्त्री त्या वेळात समोरच्या माणसाची कॉलर बघत उभे राहायचे. अशाच एका रविवारी बाहेर वारा सुटला होता आणि कुणाचं तरी लहान मूल कुरकुरत होतं. मिस्त्रींच्या मनात एका मोटारीचा विचार आला. शाळेच्या पंपाची मोटार. दोनदा गुंडाळली तरी दोन्ही वेळा गरम होऊन बंद पडली. शेवटी कळलं, तारेचा दोष नव्हताच, बेअरिंग जाम झालं होतं. अगं, तारेत काही नव्हतं, ते मनात सांगू लागले, मी उगाच दोनदा गुंडाळली. नवीन बेअरिंग घातलं तर अशी फिरली की बघत राहावं. शाळेचा शिपाई एवढा खूश झाला. हात आता पहिल्यासारखे चालत नाहीत, बारीक तार दिसत नाही, चष्मा बदलायला हवा. लेकीच्या धाकट्याला दात आलाय. मी तिला खोटंच सांगतो की वेळेवर जेवतो...

सांगता सांगता त्यांना जाणवलं, की सुरुवात ‘अगं’नं झाली होती, पण आता आपण तिला सांगत नाही आहोत. मग कुणाला सांगतो आहोत, ते त्यांना कळेना. पलीकडून हुंकारही येत नव्हता. तरी त्यांनी सांगणं थांबवलं नाही. पाळकानं आमेन म्हटलं, सगळी मंडळी खाली बसली, मूलही गप्प झालं. मेट्रनबाईंनी बाहीला हलकेच ओढलं, तरी मिस्त्री क्षणभर तसेच उभे राहिले, कारण त्यांचं सांगून अजून झालं नव्हतं.