दोरीचं दुसरं टोक

भिंतीचा डावा कोपरा ताई उभारायची आणि उजवाही ताईच. धाकटीचं काम सुरू व्हायचं ते मधल्या विटांपासून. ताई ओळंबा सोडून दोन्ही कोपरे सरळ करायची, त्यांच्यामध्ये दोरी ताणायची आणि बोटानं ती टणकन वाजवायची. दोरी वाजली की धाकटी मान वर न करता विटा लावत सुटायची. तिचा वेग पाहून माल कालवणारे हात जोडायचे.

"बाई, जरा दम खा! आम्हालाही पाठ आहे."

"आहे ना? मग वाकवा की!"

कधी तिनं ओळंबा मागितला, तर ताई म्हणायची, "राहू दे, मी करते पटकन. तू विटा लाव." त्यात आकस नव्हता. दोघी बाबांच्या हाताखाली काम शिकत होत्या, तेव्हा धाकटीची वेणीसुद्धा ताईच घालायची. तिची तिनं घातली की वाकडी व्हायची आणि कामावर जायला उशीर व्हायचा.

एक दिवस सुपरवायझरनं सगळ्या गवंड्यांना गोळा केलं. नवा नियम आला होता. ज्याच्याकडे परीक्षेचा दाखला असेल, त्यानंच भिंत बांधायची. बाकीच्यांनी माल कालवायचा, विटा वाहायच्या.

"जन्मभर भिंती बांधल्या, त्या काय पडल्या?" एक म्हातारा गवंडी कुरकुरला.

"एक पडली होती, काका. कुंपणाची," मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

धाकटी हसली नाही. तिनं विचारलं, "साहेब, दाखल्याच्या पुढे काय असतं?"

"वर्षभर काम करायचं, मग सुपरवायझरच्या वर्गाला बसायचं. मी तसाच वर आलो. पण त्याला वयाची अट आहे. यंदा दाखला मिळाला, तर तुम्ही जेमतेम त्यात बसाल."

घरी जाताना धाकटीनं डब्याची पिशवी फायलीसारखी काखेत धरली आणि घसा खाकरला. "ओ ताईबाई, हा कोपरा पाडा आणि परत बांधा!"

"आधी साहेब हो तर खरी, मग पाडते," ताई म्हणाली. पण त्या दिवसापासून ती धाकटीला वाटेत तशीच हाक मारू लागली. "चला साहेब, उशीर होतोय."

परीक्षा एका मोठ्या अंगणात होती. प्रत्येकाला वेगळी जागा, विटा, माल, अवजारं आणि एक नकाशा. एकट्यानं कमरेएवढा कोपरा उभारायचा. पाणी वाहून जावं म्हणून अंगणाला उतार दिलेला होता. ताईला वरच्या अंगाची जागा मिळाली, धाकटीला समोर, खालच्या अंगाची.

पहिला थर धाकटीनं नकाशा पाहून, गुण्या लावून काटकोनात घेतला. दुसऱ्या थरासाठी माल पसरला, वीट उचलली आणि ती थांबली. समोर दोरी नव्हती. ओळंबा आणि लेव्हलची पट्टी पायाशी होती. पट्टी तिनं उचलली, विटेवर एकदा आडवी ठेवली, एकदा उभी, आणि परत खाली ठेवली. मग तिनं वर पाहिलं. ताईचा कोपरा नेहमीसारखा सरळ चढत होता. धाकटीचा चेहरा सैल झाला. ताईच्या विटेच्या कडेला नजर लावून तिनं आपली वीट बसवली. मग पुढची. मग हात सुटला.

मध्येच ताईनं मान वर केली. धाकटी आपल्याकडे पाहतेय हे तिला दिसलं आणि सवयीनं तिनं मान डोलावली. बरोबर आहे, चालू दे.

परीक्षकांनी ताईचा कोपरा मोजला आणि ते हसून पुढे गेले. धाकटीजवळ ते बराच वेळ वाकून उभे राहिले.

"हात सुरेख आहे तुमचा. पण हे सांधे एवढे जाड का? दुसऱ्यापासून सगळे थर नकाशापेक्षा वर गेलेत. उंची कुठून घेतलीत?"

 धाकटीनं समोर पाहिलं. परीक्षकांनीही तिकडे पाहिलं. ताईची भिंत पाहिली, मग अंगणाचा उतार.

"अहो, तिकडची जमीनच उंच आहे," ते हळूच म्हणाले.

परतीच्या वाटेवर धाकटी एकदाच बोलली. "तू मान डोलावलीस, ताई."

"हो."

"मला वाटलं, बरोबर चाललंय."

"घरामागे विटा पडल्यात. उद्यापासून तूच कोपरा उभार. मी हात लावणार नाही. पुढच्या वर्षी..."

"दाखला मिळेल गं पुढच्या वर्षी," धाकटी म्हणाली. "वय थांबायचं नाही."

तिला साहेब म्हणून हाक मारायला ताईची जीभ पुन्हा वळली नाही.

नियम लागू झाला तेव्हा ताईच्या जोडीला दाखला मिळालेला एक तरुण गवंडी आला. धाकटी मालाची घमेली वाहू लागली. पहिल्याच सकाळी ताईनं दोरी ताणली आणि बोटानं वाजवली. खाली धाकटीनं घमेलं टेकवलं, ती दोन पावलं पुढे आली आणि मधेच थबकली.

"मावशी, ओळंबा द्या," तरुण गवंडी म्हणाला. "हा कोपरा मी घेतो."

"राहू दे, मी..." ताईच्या तोंडून निघालं. पुढचं तिनं गिळलं. ओळंब्याची दोरी गुंडाळून तिनं तो त्याच्या हातात दिला.

धाकटी खालून पाहत होती. ओळंबा या हातातून त्या हातात गेलेला तिनं पाहिला.

"माल देऊ का वर?" तिनं विचारलं.

"दे," ताई म्हणाली. तिला खाली बघवलं नाही.