महाअमात्य मरत नाहीत

‘यान सुटलं. ओसाड तळाच्या बंद दारावर महाअमात्य मुठी आपटत राहिले. मुखवट्यातली हवा संपत आली होती.’

सूनबाईने शेवटचं वाक्य वाचलं, पानं मांडीवर ठोकून सारखी केली आणि खाटेकडे बघितलं. अण्णा डोळे मिटून पडले होते.

सासऱ्यांच्या डोळ्यांनी दगा दिल्यापासून दर प्रकरण ती दुपारी असं वाचून दाखवायची. नुसतं वाचून दाखवायची म्हणणंही खरं नाही. तिच्या अंतराळ-कादंबरीचे इतके भाग निघाले आणि प्रत्येक भागात जिथे गाडं अडलं, तिथून ते अण्णांनीच बाहेर काढलं. ग्रहांच्या महासभेतला तो साळसूद, केसाने गळा कापणारा महाअमात्य वाचकांनी डोक्यावर घेतला होता. “बाई, हा माणूस तुम्हाला सुचतो तरी कुठून?” असं लोक विचारत, आणि ती हसून वेळ मारून नेई. आमच्याच घरात खाटेवर बसून चहात बिस्किट बुडवतो, हे चारचौघांत सांगायचं कसं?

अण्णा आयुष्यभर सोसायटीचे अध्यक्ष होते, पण एकदाही निवडणुकीला उभे राहिले नाहीत. दर खेपेला सभेत उठायचे, चष्मा काढून पुसायचे, “आता मला मोकळं करा, तरुणांना येऊ द्या,” म्हणायचे आणि खाली बसायचे. मग त्यांच्या हाडवैऱ्यालाच भरून यायचं आणि तोच उठून त्यांचं नाव सुचवायचा. पहिल्या भागात महाअमात्यांनी अख्खी आकाशगंगा अशीच खिशात घातली होती. चष्म्याऐवजी तिने त्यांना राजमुद्रा पुसायला दिली, एवढाच काय तो फरक.

आज मात्र तिला काही सोडवून नको होतं. तिला तो मेलेला हवा होता.

नवऱ्याची बदली झाली होती. नव्या गावातल्या घराची किल्ली तिच्या पर्समध्ये होती. दोन खोल्या, आणि स्वयंपाकघराला लागून तिसरी एक चिंचोळी. टेबल-खुर्ची मावेल एवढीच, पण खिडकी होती आणि दाराला आतून कडी होती. घर बघायला गेली तेव्हा ती कडी तिने उगाचच पुन्हा पुन्हा लावून पाहिली होती. लग्न झाल्यापासून ती जेवणाच्या टेबलावर लिहीत आली, कुकरच्या शिट्ट्या आणि अण्णांच्या हाका यांच्या मधल्या फटीत. अण्णांनी नणंदेकडे राहायचं, हे बहीणभावांचं ठरलंही होतं. अण्णांना सांगायचं तेवढं राहिलं होतं. “तूच सांग, तुझं ऐकतात ते,” म्हणून नवरा दाढी करायला निघून गेला होता. तिने किती वेळा शब्द ओठांवर आणले आणि गिळले. शेवटी ठरवलं, आधी कागदावरच्याला संपवू. तो एकदा गेला की जीभ सुटेल.

“अण्णा? जमलंय का?”

“झकास.” अण्णांनी डोळे उघडले. “पण तो असा मरायचा नाही गं.”

तिने मांडीवरची पानं घट्ट धरली.

“का नाही? यान एकच आहे आणि ते गेलं. आता काय करणार तो?”

“तू त्याला दारावर मुठी आपटायला लावलंस, इथेच चुकलीस. तो आपण होऊन म्हणेल, पोरांनो, तुम्ही निघा. माझं काय, माझं सगळं झालं. यानाच्या त्या कप्तान पोरीचं सामान तो स्वतः दारापर्यंत नेऊन देईल.”

“आणि मग?”

“मग काही नाही. गप्प बसेल. मागितलं तर ती नाही म्हणेल ना? मागितलंच नाही तर कशाला नाही म्हणणार? तीच म्हणेल, चला. वर तिला वाटेल, आपलंच मन मोठं.”

बरोबर होतं. मेलं अगदी बरोबर होतं! “मुलखाचे बेरकी आहात तुम्ही,” ती म्हणाली आणि पेन काढून समासात सगळं लिहून घेतलं. तिला हसूसुद्धा आलं.

अण्णा उशीला टेकून बसले. चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसू लागले.

“बरं झालं, निघण्याचा विषय निघाला. बदलीचं कळलंय मला. ताई बोलता बोलता फोनवर बोलून गेली. तुम्ही दोघं निघा. मी जाईन तिच्याकडे. चौथा मजला आहे म्हणा, पण एकदा चढलो की मला उतरायचंय कशाला? बॅगही भरून ठेवलीय. ती काय, खाटेखाली.”

आणि ते गप्प बसले.

सूनबाईने समासाकडे पाहिलं. शाई अजून ओली होती. बाहेर कुणीतरी स्कूटरला किका मारत होतं, ती सुरू होत नव्हती. अण्णा तीच काच पुसत होते. त्यांचा अंगठा थरथरत होता. तो हल्ली थरथरायचाच, कपातला चहासुद्धा बशीत सांडायचा, हेही तिला ठाऊक होतं. नुसतं ‘बरं’ म्हणायचं होतं. एवढं म्हणून उठायचं, की सुटका.

“काहीतरीच काय, अण्णा!” तिच्या तोंडून निघालं. “चौथ्या मजल्यावर कोंडून घ्यायचंय का स्वतःला? आमच्याबरोबर यायचं तुम्ही.”

“छे छे. तुम्हाला अडचण.”

“अडचण कसली? एक खोली जास्तीची आहे.”

बोलून गेली आणि तिला दाराची ती कडी आठवली. स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावी असं वाटलं.

“तू म्हणतेस तर...” अण्णांनी चष्मा चढवला.

ती उठली. काहीतरी करायला हवं म्हणून खाटेशी वाकली.

“आणा, ते कपडे परत कपाटात लावते.”

तिने जोर लावून बॅग ओढली आणि मागच्या मागे पडता पडता वाचली. बॅग रिकामी होती. आत साधा हातरुमालसुद्धा नव्हता.

अण्णा खिडकीकडे बघत होते. तिने बॅग पायाने पुन्हा खाटेखाली सारली, होती तशी, सरळ.

“ते पान आत्ताच बदलून टाक,” अण्णा तिकडेच बघत म्हणाले. “नाहीतर विसरशील.”

संध्याकाळी नवरा आला तेव्हा ती जेवणाच्या टेबलावर लिहीत होती. त्याने दारातूनच भुवया उंचावल्या.

“सांगितलंस?”

“सांगितलं.” तिने मान वर केली नाही. “त्या चिंचोळ्या खोलीची मापं आहेत ना तुझ्याकडे? खाट मावते का बघायचंय.”