कपाटाची एकच किल्ली

यंत्रभागांच्या मूळ नकाशांच्या कपाटाला कुलूप लावायचा हट्ट माझाच. यशवंतपूरच्या आमच्या कारखान्यात तोवर कुणीही यायचं, ब्लेडनं शाई खरवडायचं आणि मूळ नकाशात हवा तो आकडा टाकायचं. नकाशे काढणारा मी, माझं डोकंच फिरायचं. त्यात सर्वांत पुढे फोरमन संताजी अण्णा. "अण्णा, यापुढे कागदावर आहे तेच करायचं. नकाशात बदल फक्त मी करणार," मी सगळ्यांदेखत सुनावलं. त्यांचा चेहरा उतरला. किल्ली माझ्या खिशात आली.

तीनच महिन्यांनी, बासष्टच्या मार्चात, ब्रेकच्या साठ लिव्हर वाया गेल्या. भोकं मोठी पडली होती. अण्णांकडची नकाशाची प्रत तेलात भिजून वाचता येईना. तीन वाजता मॅनेजर प्राणेश साहेबांपुढे अण्णांची चौकशी ठरली. निवृत्तीला वर्ष राहिलेलं आणि नोकरीवर गदा.

अडीचला मी कपाट उघडलं. जुन्या नकाशांतल्या इंचांचे मिलिमीटर मीच केले होते. अर्धा इंच, म्हणजे १२.७. नकाशावर माझ्याच वळणदार अक्षरात होतं १७.२.

दोन आकडे बदलायचे, पाच मिनिटांचं काम. मग नकाशा बरोबर आणि अण्णा चूक. घरी बायकोचे, प्रतिमाचे, दिवस भरत आलेले. मी दार लोटलं आणि ब्लेड काढलं. साताची शेपटी खरवडलीसुद्धा.

"मधुकर, आहेस काय रे?"

मी नकाशावर कोरा कागद ओढला. अण्णा आत येऊन स्टुलावर बसले.

"भोक स्वल्प मोठं वाटलं होतं रे मला. आधी असतं तर मीच बदललो असतो. पण तू सांगितलास ना, कागदावर आहे तेच." ते थांबले. "कुलूप लावलास तेव्हा राग आला होता. आता वाटतं, बरं केलास. नकाशाला कोण हात लावलं नाही, म्हणून तरी माझं ऐकतील. सरी, चल आता, नकाशा घेऊन ये."

मला स्वतःची किळस आली.

प्राणेश साहेबांच्या टेबलावर मी नकाशा पसरला. त्यांनी भिंग धरलं, अर्धवट खरवडलेल्या सातावर बोट ठेवलं आणि अण्णांकडे पाहिलं.

"पुन्हा तुम्हीच, संताजी?"

मी खिशातून किल्ली काढून नकाशावर ठेवली.

"किल्ली एकच आहे, साहेब. ती माझ्याकडे असते."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.