दिवसाला पाच

"दिवसाला किती ओढता, काका?" शाझियाने विचारलं, आणि नेव्हिलने तोंड उघडायच्या आत त्याच्या बायकोने सांगून टाकलं, "पाच."

शाझियाने वहीत पाच लिहिलं.

"कधी सहा नाही," ब्रेंडा म्हणाली. "सकाळी उठल्या उठल्या एक, कामाला निघताना एक, चारला घरी आला की चहाबरोबर एक, जेवण झाल्यावर एक आणि झोपताना एक. त्यासुद्धा मागच्या दारात उभं राहून. चौतीस वर्षं झाली, घरात धूर नाही."

हे सांगताना तिची मान जराशी ताठ झाली होती. नेव्हिलने समोरच्या फळीवरच्या रंगीत बाटल्यांकडे पाहिलं. जगात इतक्या तऱ्हेच्या बाटल्या असतात याचा त्याला त्या क्षणी फार आधार वाटला.

शाझियाचं हे बॅटरीवरच्या सिगारेटींचं दुकान इंग्लंडमधल्या बर्नलीच्या मुख्य रस्त्यावर होतं, एका न्हाव्याच्या आणि एका बेकरीच्या मधोमध. पूर्वी तिथे बुटांचं दुकान होतं आणि त्याची काच नेव्हिलने एकोणीस वर्षं पुसली होती. नेव्हिल ऑग्डन गावात खिडक्या पुसायचा. शिडी, बादली, रबराची पट्टी आणि एक जुनी गाडी, एवढ्यावर त्याचा संसार झाला होता. आता तो सहासष्ट वर्षांचा होता. निम्मी गिऱ्हाइकं त्याने सोडली होती आणि उरलेल्यांच्या फक्त खालच्या मजल्यावरच्या खिडक्या पुसत होता, कारण उजवा पाय चालेनासा झाला होता. पन्नास पावलं टाकली की पोटरीत असा गोळा यायचा की थांबावंच लागे. मग तो लोकांच्या खिडक्यांसमोर उभा राहून काचेकडे डोळे बारीक करून बघत बसे. लोकांना वाटायचं, म्हातारा दुसऱ्याच्या कामातल्या खोडी काढतोय.

मोठ्या डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता. पायातली रक्तवाहिनी बुजली आहे, सहा आठवड्यांनी ऑपरेशन करून नवी वाट काढून देऊ. पण सिगारेट सुटली नाही तर तीही बुजेल, आणि मग पाय ठेवता येणार नाही. नुसत्या मनाच्या जोरावर सुटत नसेल, तर ही बॅटरीवरची सिगारेट घ्या, असं तिथल्या नर्सने सुचवलं होतं.

"आणि सकाळी उठल्यावर पहिली किती वेळाने?" शाझियाने विचारलं.

"डोळे उघडले की," ब्रेंडा हसून म्हणाली. "आधी ती, मग चष्मा."

शाझियाचं पेन जरा थांबलं. दुकान काढण्यापूर्वी नऊ वर्षं तिने औषधांच्या दुकानात काढली होती. तिने नेव्हिलकडे पाहिलं, नेव्हिल पुन्हा बाटल्यांकडे वळला.

"पहिल्यांदाच घेताय, तर फार बटणं नकोत," ती म्हणाली आणि बोटाएवढी एक काळी कांडी तिने काउंटरवर ठेवली. "ओढली की आपोआप चालू होते. इथून रस भरायचा. भरल्यावर दहा मिनिटं तशीच ठेवायची, आतला कापूस भिजू द्यायचा. घाई केली की जळका वास येतो आणि लोक मला शिव्या घालतात."

"ह्याची राख कुठे झाडायची?" नेव्हिलने विचारलं.

"राख नसते, काका."

"मग हाताने करायचं काय?"

"बायकोचा हात धरायचा," शाझिया म्हणाली. ब्रेंडाला हे फारच आवडलं.

तिने चालू करून दिलेली कांडी नेव्हिलने तोंडात धरली आणि चौदाव्या वर्षापासून ओढत होता तशी ओढली, गाल आत घेऊन, झटक्यात. घशाशी कोमट रस आला. खोकता खोकता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"हळू. गरम सूप चमच्याने पितो तसं," शाझिया म्हणाली. "सिगारेट विझेल म्हणून ओढायची सवय असते. ही विझत नाही. तिला घाई नाही, तुम्हीही करू नका."

दुसऱ्या खेपेला जमलं. मग चवीचा प्रश्न निघाला. नेव्हिलला तंबाखूची हवी होती. शाझियाने मान हलवली. तंबाखूची म्हणतात पण ती तंबाखूसारखी लागत नाही, आणि मग माणसाला खऱ्या सिगारेटची जास्तच आठवण येते. ब्रेंडाने चष्मा लावून सगळी फळी वाचून काढली, आंब्याला नाक मुरडलं, कस्टर्डपाशी थबकली आणि शेवटी काळ्या मनुकांची बाटली उचलली. "सर्दी झाली की ह्याचंच सरबत मागतोस," ती म्हणाली.

"रसातल्या निकोटीनचा कडकपणा मात्र माणूस किती ओढतो त्यावर ठरतो," शाझिया म्हणाली. "पाच असतील तर सहा नंबर पुरे. वीसच्या वर ओढणाऱ्याला वीस नंबर लागतो. कमी दिला तर भागत नाही, आणि तो परत सिगारेटकडे जातो. म्हणून मी दोनदा विचारते. पाचच ना?"

"पाच," नेव्हिल म्हणाला.

पाच खोट्या नव्हत्या. फक्त त्या घरच्या होत्या. सकाळी साडेआठ ते दुपारी चार, गावभर शिडी हलवताना, तो आणखी एकवीस ओढायचा.

चौतीस वर्षांपूर्वी त्यांची जोआन दोन वर्षांची असताना तिची छाती भरली होती. तीन दिवस ती इस्पितळात होती आणि ओठ निळे पडले होते. ब्रेंडाने तिथल्या कचऱ्याच्या डब्यात आपलं पाकीट टाकलं आणि पुन्हा कधी सिगारेटला हात लावला नाही. नेव्हिलला इतकं जमणार नव्हतं. "पाचवर आणतो, त्याही बाहेर ओढीन," त्याने शब्द दिला आणि तो अकरा दिवस पाळला. बाराव्या दिवशी एका बंगल्यामागे त्याने सहावी पेटवली. जोआन बरी झाली, मोठी झाली, लग्न होऊन लीड्सला गेली, पण पाचाचा आकडा घरात तसाच राहिला. शेजारणींना, नणंदेला, डॉक्टरांना ब्रेंडा तो अभिमानाने सांगायची. धंदाही त्याच्या बाजूचा होता. दिवसभर हात साबणाच्या पाण्यात, त्यामुळे बोटांना वास नाही. दुसरं पाकीट गाडीत सुक्या फडक्यांखाली असायचं. त्याला लाज वाटायची, अगदी मनापासून वाटायची, आणि ती वाटली की तो आणखी एक पेटवायचा.

सोमवारी त्याने ती कांडी घेतली. मंगळवारी सकाळी नऊपर्यंत तो मनुकांची वाफ ओढत राहिला. दहा वाजता डोकं जड झालं. साडेदहाला एका म्हातारीने चहा आणून दिला, तर तिच्या अंगावर तो उगाचच खेकसला. अकराला फडक्यांखाली हात गेला. संध्याकाळपर्यंत पाकीट संपलं होतं. घरी ब्रेंडाने विचारलं, "जमतंय?" आणि तो म्हणाला, "जमतंय." मागच्या दारात उभा राहून त्याने तिच्यासमोर कांडी ओढून दाखवली. ती फार खूश झाली.

बुधवारी सकाळी तो दुकान उघडण्याआधीच दारात उभा होता. शाझियाने कुलूप काढलं आणि काही न बोलता वीस नंबरची बाटली फळीवरून काढून काउंटरवर ठेवली.

"किती खरं?" तिने विचारलं.

"सव्वीस."

आजपर्यंत हा आकडा त्याने कुणापुढे उच्चारला नव्हता. उच्चारल्यावर तो वाटला होता तेवढा मोठा वाटला नाही.

"मला सोमवारीच कळलं होतं," शाझिया म्हणाली. "पाच ओढणारा चष्म्याआधी सिगारेट शोधत नाही. पण बाई इतक्या कौतुकाने सांगत होत्या, माझीच जीभ रेटेना."

नेव्हिलने बाटली हातात घेतली. हिच्यावर लाल पट्टी होती, घरच्या बाटलीवर हिरवी. त्याने खिशातून ती हिरवी पट्टीवाली काढली आणि दोन्ही शेजारी ठेवल्या.

"पोरी, एक काम करशील? लालमधलं ह्या हिरवीत ओतून दे."

शाझियाला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिने दोन्ही हात काउंटरवर टेकले.

"नाही, काका. बाटलीवर लिहिलंय तेच आत असायला हवं. उद्या कुणी घरातलं चुकून प्यायलं तर डॉक्टरने काय वाचायचं?"

"आमच्या घरी कोण पितंय?"

"आणि इस्पितळात? भूल देणारा डॉक्टर विचारणार, किती ओढायचात. तुम्ही तोंड उघडायच्या आत बाई सांगणार, पाच." तिने हिरवी बाटली त्याच्याकडे सरकवली. "पाय तुमचा जाईल. त्यांचा आकडा मात्र शाबूत राहील."

नेव्हिलने लाल पट्टीची बाटली कोटाच्या खिशात टाकली आणि हिरवी काउंटरवरच राहू दिली. त्या दिवशी तो कामाला गेला नाही, सरळ घरी आला.

ब्रेंडा बटाटे सोलत होती. "काय झालं? पाय दुखतोय?"

त्याने बाटली टेबलावर ठेवली. "वीस नंबरची आहे," तो म्हणाला. "मी सव्वीस ओढतो, ब्रेंडा. पाच घरी आणि एकवीस बाहेर. पहिल्यापासून."

तिने सुरी खाली ठेवली, हात पुसले आणि त्याच्या समोर बसली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

"कुठे?" तिने विचारलं.

"कुठे म्हणजे?"

"एकवीस कुठे कुठे ओढतोस, ते सांग."

असं कुणी विचारेल याची त्याने कल्पना केली नव्हती. पण तोंड उघडल्यावर थांबता येईना. पहिली गाडीत, पेट्रोल पंपापाशी. दुसरी दातांच्या डॉक्टरच्या मागल्या भिंतीशी, तिथे वारा लागत नाही. दोन कालव्याच्या पुलावर, बदकं बघत. एक त्या निवृत्त मास्तरांच्या गॅरेजमागे, मास्तर स्वतःही ओढायचे, गेल्या साली वारले, तरी अजून तिथेच ओढतो. शाळेच्या खिडक्या झाल्या की दोन. पाऊस असला की बसथांब्यात. ब्रेंडा बोटांवर मोजत ऐकत होती. मधेच तिने विचारलं, "मास्तर कशाने वारले?" आणि त्याने सांगितलं. इतक्या वर्षांत आपण हिला आपला दिवस कधी सांगितलाच नव्हता, हे त्याच्या ध्यानात आलं. सांगितला असता तर सिगारेटी आल्याच असत्या.

"एकोणीस झाल्या," ती म्हणाली.

"शेवटच्या दोन आपल्या गल्लीच्या तोंडाशी. चर्चच्या भिंतीआड गाडी लावून. तीन चाळीसला."

"आपल्या गल्लीच्या?"

"चारला घरी यायचं म्हणून. मग तुझ्यासमोर एकच ओढता यायची."

ब्रेंडाने टेबलावरच्या बटाट्याची साल उचलली आणि उगाच गुंडाळत राहिली.

"मी घरातच असायचे तेव्हा," ती म्हणाली. "जोआन सासरी गेल्यापासून दिवसभर घरात दुसरं माणूस नाही. बाकीच्या एकोणिसांचं जाऊ दे, ते तुझं काम होतं. पण वीस मिनिटं तू तिथे बसायचास, नेव्हिल. रोज. चाळीस पावलांवर."

तिने उठून बटाटे उकळायला टाकले आणि त्या रात्री जेवताना ती त्याच्याशी मीठ दे, पाणी दे, याच्यापलीकडे बोलली नाही.

गुरुवारी तो लाल बाटलीतला रस भरून कामावर गेला. हळू, गरम सुपासारखं. अकरा वाजले, हात फडक्यांखाली गेला नाही. बारा वाजता गेला आणि रिकामा परत आला, कारण तिथलं नवं पाकीट त्याने सकाळीच घरी ब्रेंडाच्या हवाली केलं होतं. दुपार फार लांब वाटली, पण सरली.

तीन चाळीसला तो चर्चच्या भिंतीपाशी आला आणि न थांबता पुढे गेला. गाडी दारात लावली, पाय ओढत पायऱ्या चढला आणि किल्लीने दार उघडलं.

ब्रेंडा पुढच्या खोलीतल्या आरशासमोर उभी होती. अंगावर घरकामाचा जुना झगा होता, पण केस नुकतेच विंचरलेले. शेजारी खुर्चीवर निळा ब्लाउज इस्त्री करून ठेवला होता. वरच्या ओठाला लिपस्टिक लागली होती, खालचा अजून तसाच होता. चारला घरी आल्यावर जी ब्रेंडा त्याला दार उघडायची, ती रोज अशी तयार होऊन उघडायची, हे त्याला आज कळलं. त्याला वाटायचं, ती दिवसभर तशीच असते.

ती आरशातूनच त्याच्याकडे पाहत राहिली. लिपस्टिक धरलेला हात तिने खाली घेतला, मग पुन्हा वर नेला.

"थांब जरा," ती म्हणाली. "माझं अजून व्हायचंय."

"होऊ दे सावकाश," नेव्हिल म्हणाला. त्याने दार लावून घेतलं, जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून दुखरा पाय पुढे पसरला, आणि तिचं होईपर्यंत तो तिच्याकडे बघत बसला.